'पेपर'च्या पोटातील पिप्पली

आयुर्वेदाच्या चिकित्साव्यवहारात त्रिकटूवाचून एकही दिवस जात नाही. शुंठी, मरिच आणि पिप्पली ही तीन द्रव्ये वैद्यांच्या लेखणीत आणि औषधी दुकानांच्या फळीवर नित्य असतात. या तिघांपैकी दोघांची भारतीय नावे थोड्याफार बदलाने आज युरोपभर बोलली जातात, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानी नसते. शृंगवेराचे इंग्रजीत 'जिंजर' झाले आणि पिप्पलीचे 'पेपर' झाले. यातील पहिल्या शब्दाने आपली वस्तू कधी सोडली नाही. दुसऱ्या शब्दाने मात्र वाटेतच वस्तू बदलली. इंग्रज मनुष्य 'पेपर' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पिंपळी नसते, मिरे असते. नाव पिप्पलीचे आणि वस्तू मरिच, अशी ही अदलाबदल आहे.

प्रस्तुत लेखात या एका शब्दाचा माग काढावयाचा आहे. (रोज सकाळी घरी येणारा 'पेपर' तो हा नव्हे. कागदवाचक शब्द इजिप्तमधील 'पपायरस' या वनस्पतीच्या नावावरून आला असून त्याचा पिप्पलीशी काही संबंध नाही.) हा केवळ व्युत्पत्तीचा विरंगुळा नाही. एका नावाखाली दोन द्रव्ये वावरू लागली म्हणजे मोठमोठ्या ग्रंथकारांचीही कशी फसगत होते, याचा हा शब्द बोलका दाखला आहे. आणि औषधाच्या चिठ्ठीवर व वेष्टनावर नावे लिहिणाऱ्या आपल्या व्यवसायाला तो धडा आजही लागू पडतो.

व्युत्पत्तीची कसोटी

परकीय शब्द कानाला ओळखीचा वाटला की तो संस्कृतातून निघाला असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु केवळ ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. शब्दाचे मूळ सिद्ध करण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, ध्वनींतील बदल त्या त्या भाषांच्या नेहमीच्या वळणाने झालेला असावा. दोन, शब्द ज्या मार्गाने गेला असे आपण म्हणतो, त्या मार्गाने ती वस्तूही गेलेली असावी. तीन, वाटेवरच्या टप्प्यांवर त्या शब्दाच्या लेखी खुणा सापडाव्यात. 'पेपर' हा शब्द या तिन्ही कसोट्यांवर उतरतो, म्हणूनच युरोपातील कोशकारही त्याचे मूळ निःशंकपणे भारतात दाखवितात.

घरचे मूळ

संस्कृतातील 'पिप्पल' हा शब्द अतिप्राचीन आहे. ऋग्वेदात तो फळ या अर्थाने येतो. पुढे तोच शब्द अश्वत्थवृक्षाला लागला आणि मराठीत 'पिंपळ' झाला. 'पिप्पली' हे त्याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप असून बारीक फळ असा त्याचा अर्थ लावता येतो. पिंपळीचे फळ म्हणजे तुतीसारखे अनेक सूक्ष्म फळांचे एकत्र झालेले कणीस असते, हे लक्षात घेता नाव समर्पकच आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील १०९ वे सूक्त संपूर्णपणे या औषधीला उद्देशून आहे. म्हणजे औषधी म्हणून पिप्पलीची कीर्ती संहिताकाळाच्याही पूर्वीची ठरते.

मराठीत 'पिप्पली'चे 'पिंपळी' झाले. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर किंवा पाचोरा तालुक्यातील पिंपळगाव ही गावे पिंपळवृक्षावरून नावारूपास आली. पण शब्दकुळाच्या दृष्टीने पाहता लंडनच्या जेवणाच्या टेबलावरील 'पेपर' आणि आपले पिंपळनेर ही एकाच घराण्यातील दूरची भावंडे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

निघंटूंनी पिप्पलीला दिलेल्या पर्यायांत 'मागधी' आणि 'वैदेही' ही दोन नावे आहेत. मगध आणि विदेह हे आजच्या बिहारमधील प्रदेश. म्हणजे उत्तम पिप्पली उत्तरेकडील व पूर्वेकडील प्रदेशांतून येते, अशी जुन्या वैद्यांची धारणा होती. मरिचाचे घर याच्या उलट दिशेला, मलबारच्या दमट डोंगरउतारांवर आहे. उत्तरेची पिप्पली आणि दक्षिणेचे मरिच हा भूगोल ध्यानात ठेवला म्हणजे पुढील सारी कथा उलगडते.

पश्चिमेची वाट

पिप्पली प्रथम खुश्कीच्या मार्गाने वायव्येकडे गेली. तिचा पुढचा मुक्काम इराण. ग्रीक वैद्यकातील हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात, स्त्रीरोगांवरील ग्रंथात, या द्रव्याचा उल्लेख भारतीय औषध म्हणून येतो आणि पारशी लोक त्याला काय म्हणतात हेही तेथे नोंदले आहे. ग्रीक रूप 'पेपेरि' असे आहे. संस्कृतातील 'ल' जाऊन 'र' आला तो या इराणी मुक्कामामुळे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कारण प्राचीन इराणी भाषांत 'ल' हा ध्वनी जवळजवळ नव्हता. पुढे मध्ययुगीन फारसीत 'ल' रुळल्यावर तेथे 'पिलपिल' असे रूप प्रचारात आले. अरबीत 'प' नसल्याने त्याचे 'फिलफिल' झाले. युनानी वैद्यकात पिंपळीला 'फिलफिल दराज' म्हणजे लांब फिलफिल आणि मिऱ्याला 'फिलफिल सियाह' म्हणजे काळी फिलफिल म्हणतात, ते त्यामुळेच.

या युनानी नावांत एक मौज दडलेली आहे. नाव मूळचे पिंपळीचे असूनही पिंपळीलाच 'लांब' हे विशेषण लावून आपली ओळख पटवून द्यावी लागते. हा प्रकार फार लवकर सुरू झाला. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इ.स.पू. ३०० च्या सुमारास लिहिलेल्या वनस्पतिविषयक ग्रंथात 'पेपेरि'चे दोन प्रकार सांगितले आहेत. एक गोल, आणि दुसरा लांबट, काळा, आत खसखशीसारखे बारीक दाणे असलेला. लांबट प्रकार अधिक तीव्र असल्याचेही तो नोंदवितो. वर्णन अचूक आहे. परंतु दोन स्वतंत्र द्रव्ये एकाच नावाखाली आली, ती येथपासून.

भडोचचे बंदर आणि खानदेशची वाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक दर्यावर्दीने 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध असलेली सागरप्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. तिच्यातील भडोच बंदराच्या निर्यात यादीत कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, कापड यांसोबत लांब 'पेपेरि' म्हणजे पिंपळी आहे. मिऱ्यांची निर्यात मात्र त्याने दक्षिणेकडील मुझिरिस आणि नेल्किंडा या केरळच्या बंदरांवर दाखविली आहे. म्हणजे दोन द्रव्ये दोन वेगळ्या बंदरांतून निघत होती, आणि पश्चिमेला पोहोचल्यावर एकाच आडनावाने ओळखली जात होती.

याच ग्रंथात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. तेथील अकीकासारखे दगड आणि कापड गाड्यांमधून, वाटा नसलेल्या अवघड मुलुखातून भडोचला उतरत असे, असेही तो लिहितो. पैठणहून भडोचकडे जावयाचे म्हणजे सातमाळ्याची रांग ओलांडून गिरणा-तापीच्या खोऱ्यात उतरावे लागते. हा आपला खानदेश. त्या काळच्या व्यापारात आपली भूमी भडोचच्या परसदारी होती.

या वाटेच्या काठी, चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या डोंगरात, कन्नड तालुक्याच्या हद्दीत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेख इसवी सनापूर्वीचे आहेत. त्यांत दात्यांची जी नावे कोरली आहेत त्यांपैकी दोन आपल्या संघटनेच्या वाचकांना विशेष जवळची वाटावीत. एक आहे मगिल नावाचा राजवैद्य. त्याच्या मुलामुलीच्या नावांचेही लेख तेथे आहेत. दुसरा पैठणचा मितदेव, आणि त्याचा व्यवसाय 'गंधिक' असा दिला आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आजच्या काष्ठौषधी विक्रेत्याचा तो पूर्वज म्हणता येईल. चिकित्सक आणि द्रव्यविक्रेता यांची जोडी एकाच डोंगरात दोन हजारांहून अधिक वर्षे शेजारी उभी आहे. त्या काळी औषधी द्रव्यांचा व्यापार किती प्रतिष्ठित आणि धनसंपन्न होता याची ही साक्ष होय.

रोममधील घोटाळा

रोमन ग्रंथकार प्लिनी याने इ.स. ७७ च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या विश्वकोशात रोममधील भाव दिले आहेत. एका रोमन पौंडाला लांब पेपर पंधरा दिनार, पांढरे सात दिनार आणि काळे चार दिनार. पिंपळी मिऱ्यांच्या जवळजवळ चौपट महाग होती. या एका भावपत्रकात शब्दाचे भवितव्य लिहिलेले आहे. मान्सून वाऱ्यांचा उपयोग करून जहाजे थेट केरळला जाऊ लागल्यावर काळी मिरी स्वस्त आणि मुबलक झाली. वैद्याच्या कुपीतील वस्तू स्वयंपाकघरात शिरली. घरोघरी जी वस्तू दिसते तिलाच लोक नाव देतात. त्यामुळे विशेषणाशिवाय नुसते 'पायपर' म्हणजे काळी मिरी असा अर्थ रूढ झाला आणि जिचे ते नाव होते ती महाग पिंपळी 'लांब' या विशेषणाच्या आधाराने उरली. इ.स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोमला वेढा दिला तेव्हा मागितलेल्या खंडणीत सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही होती.

भाव बदलला, नाव सरकले, इतकेच झाले असते तर फारसे बिघडले नसते. परंतु नावाच्या एकत्वाने वैद्यकाच्या ज्ञानातच चूक शिरली. त्याच पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने औषधी द्रव्यांवर जो ग्रंथ लिहिला तो पुढे युरोप आणि अरबस्तान यांच्या द्रव्यगुणशास्त्राचा पाया ठरला. त्याने असे लिहिले की भारतात पेपरचे एक झाड असते. त्याला प्रथम शेंगेसारखे लांब फळ येते, ते लांब पेपर. तेच पुढे पिकून उलगडले म्हणजे त्यातून गोल दाण्यांचे घोस निघतात, ते काळे पेपर. अर्थात पिंपळी ही मिऱ्याची कोवळी अवस्था ठरली. प्लिनीनेही याच प्रकारची समजूत बाळगली. या दोघांनी झाड पाहिले नव्हते, वस्तू पाहिल्या होत्या, आणि दोन्ही वस्तूंचे नाव एक होते. ज्याअर्थी नाव एक त्याअर्थी झाड एक, असा तर्क त्यांनी केला.

आपल्या शास्त्राकडे पाहिले तर हा धोका येथेही होताच. अमरकोशात पिप्पलीला 'कृष्णा' म्हटले आहे आणि मरिचाला 'कृष्ण'. पिप्पलीला 'उषणा' आणि मरिचाला 'ऊषण'. पिप्पलीला 'कोला' आणि मरिचाला 'कोलक'. फरक बहुधा लिंगाचा अथवा एखाद्या स्वराचा. तरीही आपल्याकडे दोन द्रव्यांची गल्लत झाली नाही, याचे कारण आपल्या आचार्यांनी द्रव्याची ओळख नावावर सोपविली नाही. रस, वीर्य, विपाक आणि कर्म यांनी प्रत्येक द्रव्य स्वतंत्रपणे बांधून ठेवले. त्याशिवाय येथील वैद्याला वेल पाहावयास मिळत होती, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची.

इंग्लंडमधील मुक्काम

लॅटिन 'पायपर' रोमन सैन्याबरोबर उत्तरेस गेले. उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा या रोमन लष्करी ठाण्याच्या उत्खननात लाकडी पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेले हिशेब मिळाले आहेत. इ.स. १०० च्या सुमाराच्या अशा एका हिशेबात दोन दिनारांच्या मिरीची नोंद आहे. पिप्पलीचे नाव इंग्लंडच्या भूमीवर लिहिले गेल्याचा हा अतिशय जुना पुरावा होय. जर्मन लोकांच्या पूर्वजांनी हा शब्द रोमनांकडूनच उचलला. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'पिपोर' असे होते आणि दहाव्या शतकातील इंग्रजी वैद्यकग्रंथात अनेक पाठांत ते येते. त्याचेच आजचे 'पेपर'. जर्मन 'फेफर', फ्रेंच 'प्वाव्र', इटालियन 'पेपे' हे सारे त्याचे सहोदर.

औषधी विक्रेत्यांनी एका गोष्टीची अवश्य नोंद घ्यावी. लंडनमध्ये मिरीचे व्यापारी 'पेपरर्स' या नावाने ओळखले जात आणि त्यांच्या संघाचा उल्लेख इ.स. ११८० पासून मिळतो. १३४५ साली याच परंपरेतून किराणा व्यापाऱ्यांचा म्हणजे 'ग्रोसर्स'चा संघ उभा राहिला. औषधे तयार करणारे 'अपॉथेकरी' त्याच संघात होते. १६१७ साली राजाज्ञेने त्यांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. म्हणजे इंग्लंडमधील औषधविक्रीच्या व्यवसायाची वंशावळ मागे नेली तर ती पिप्पलीचे नाव मिरविणाऱ्या व्यापाऱ्यांपाशी पोहोचते.

गोव्यात झालेली दुरुस्ती

डायोस्कोरिडीसच्या मताला छेद मिळाला तो आपल्याच किनाऱ्यावर. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली भारतात आला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत गोव्यात राहिला. त्याने संवादरूपाने लिहिलेला भारतीय औषधी द्रव्यांवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात मिरीवर स्वतंत्र प्रकरण आहे. मिरी झाडाला नव्हे तर वेलीला येते, आणि लांब मिरीची वनस्पती निराळी असून ती बंगालकडे होते, असे त्याने तेथे सांगितले. प्राचीन ग्रंथकारांचा मान राखूनही डोळ्यांनी पाहिलेले तो अधिक प्रमाण मानतो. पंधराशे वर्षे चाललेली चूक एका वैद्याने प्रत्यक्ष पाहणीने आणि येथील जाणत्या लोकांना विचारून मोडून काढली. निघंटूंतील 'मागधी' हे नाव त्याच दिशेकडे बोट दाखवीत होते.

१७५३ साली स्वीडनच्या लिनिअसने वनस्पतींना द्विपदी नावे दिली तेव्हा या कुळाला 'पायपर' हेच नाव राहिले. पिंपळी 'पायपर लाँगम' झाली आणि मिरी 'पायपर नायग्रम'. अर्थाचा विचार केला तर मरिचाचे शास्त्रीय नाव 'काळी पिप्पली' असे होते. डेन्मार्कचा शास्त्रज्ञ ओर्स्टेड याने १८१९ साली मिरीतील तीक्ष्ण तत्त्व वेगळे काढले, त्याला 'पायपरीन' हे नाव मिळाले. तेही पिप्पलीचेच.

नावाचा तिसरा धनी

कोलंबस १४९२ साली पश्चिमेकडून निघाला तो मसाल्यांच्या शोधात. त्याला मिरी मिळाली नाही. एक लाल तिखट फळ मिळाले. तिखटपणाच्या साम्याने युरोपीयांनी त्यालाही मिरीच्या पंगतीत बसविले, आणि इंग्रजीत 'रेड पेपर', 'चिली पेपर', 'बेल पेपर' ही नावे आली. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या या फळाचा पिंपळीशी वा मिरीशी कसलाही संबंध नाही. ते वांग्या-बटाट्याच्या कुळातील आहे.

इंग्रजांना हसण्यापूर्वी आपण आपल्या भाषेकडे पाहावे. पोर्तुगीजांनी हेच फळ आपल्याकडे आणले तेव्हा आपणही तेच केले. 'मरिच' शब्दावरून मिरे, आणि त्याच शब्दावरून 'मिरची'. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे जे ढीग लागतात त्यांच्या नावात मरिच आहे; तीच मिरची इंग्रजी बोलीत गेली की तिच्या नावात पिप्पली येते. ढोबळ्या मिरचीत तिखटपणा नावालाही नसतो, पण नाव सुटत नाही. लहान मुलांच्या पेपरमिंटच्या गोळीतही पहिले अर्धे नाव पिप्पलीचेच आहे.

तुलनेसाठी त्रिकटूतील उरलेल्या दोघांकडे पाहावे. शृंगवेराचे पालीत 'सिंगिवेर', ग्रीकमध्ये 'झिंगिबेरिस', अरबीत 'झंजबील', जुन्या इंग्रजीत 'गिंगिफेर' आणि शेवटी 'जिंजर' झाले. प्रत्येक मुक्कामी शब्द बदलला, वस्तू तीच राहिली. आल्याचा कंद इतका वेगळा दिसतो की त्याच्या नावावर दुसऱ्या कोणाला हक्क सांगता आला नाही. (शिंगासारखा म्हणून शृंगवेर हा अर्थ मागाहून जुळविलेला असून मूळ शब्द द्राविडी भाषांतील असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.) मरिचाचे स्वतःचे नाव पश्चिमेस गेले नाही, ते पूर्वेस गेले. जावा-सुमात्राकडील भाषांत मिरीला आजही 'मेरिचा' म्हणतात. एक नाव पश्चिमेला गेले, एक पूर्वेला; आणि पश्चिमेला गेलेल्या नावाने आपली वस्तू गमावली.

आपल्या व्यवहारातील धडा

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नुसते 'पेपर' हे नाव आज आपल्या व्यवहारात तीन वाटांनी शिरते: संहितांच्या इंग्रजी भाषांतरांतून, माहितीपत्रकांतून आणि परदेशी राहणाऱ्या रुग्णांच्या विचारणेतून. खानदेशातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी आहेत. सितोपलादी वा तालीसादी चूर्ण तेथेच तयार करू पाहणारा मनुष्य इंग्रजी पाठ वाचतो आणि 'लाँग पेपर' मिळत नाही म्हणून हाताशी असलेले 'पेपर' घालतो. त्याच्या दृष्टीने हा एकाच वस्तूचा लांब आणि आखूड प्रकार असतो. डायोस्कोरिडीसची चूक अशा रीतीने स्वयंपाकघरात पुन्हा घडते.

ही चूक क्षुल्लक नाही. शुष्क पिप्पली कटुरसाची असूनही मधुर विपाकाची, स्निग्ध आणि वृष्य आहे. मरिच कटुविपाकी, रूक्ष आणि अवृष्य. क्षीण रुग्णाच्या कासात पिप्पलीच्या जागी मरिच गेले तर सितोपलादीचा हेतूच पालटतो. तालीसादीत दोन्ही द्रव्ये आहेत आणि त्यांचे प्रमाण भिन्न आहे. मरिच दोन भाग, पिप्पली चार भाग. नावे एक धरली तर पाठच मोडतो. दुसऱ्या बाजूने, पिप्पली सौम्य म्हणून ती कितीही काळ द्यावी असेही नाही. अतिप्रमाणात व सतत सेवन करू नयेत अशा तीन द्रव्यांत चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात क्षार व लवण यांच्यासह पिप्पलीची गणना केली आहे, आणि रसायन म्हणून द्यावयाची तर वर्धमान पिप्पलीचा क्रम घालून दिला आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालावरही आंधळेपणाने विसंबता येत नाही. पायपरीन दोन्ही द्रव्यांत असते, आणि मिरीत ते सामान्यतः पिंपळीपेक्षा अधिक असते. त्यामुळे केवळ पायपरीन आढळले म्हणून चूर्ण पिंपळीचेच आहे असे ठरत नाही. पायपरीनचे कार्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हळदीतील कर्क्युमिनसोबत वीस मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर मनुष्यांमध्ये त्याची रक्तातील उपलब्धता वीसपट झाल्याचे दिसले. अन्य औषधांचे शोषण वाढविणारे द्रव्य देताना रुग्ण आधुनिक औषधे कोणती घेत आहे हे विचारणे, हे म्हणून आपले कर्तव्य ठरते.

खरेदी करताना पुढील गोष्टी पाळाव्यात. पिंपळी अखंड घ्यावी, चूर्ण करून आलेली घेऊ नये. कणसाच्या आकाराचे, खडबडीत पृष्ठाचे लांबट फळ आणि सुरकुतलेला गोल दाणा यांत डोळ्यांची फसगत होत नाही, चूर्णात ती सहज होते. मागणी नोंदविताना नुसते 'पिंपळी' न लिहिता लेंडीपिंपळी, पानपिंपळी, गजपिंपळी अथवा पिंपळमूळ असे नेमके लिहावे. गजपिंपळी ही तर सर्वस्वी निराळी वनस्पती आहे. सातपुड्याच्या पायथ्याने खानदेशातून पूर्वेकडे गेले की अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा या भागांत पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपळीची लागवड होते. गार्सिया द ओर्ताला बंगालचे नाव ऐकून लिहावे लागले. आपल्याला वेल पाहावयास इतके दूर जावयाचे कारण नाही. आपल्या विद्यार्थ्यांना तेथील मळे एकदा अवश्य दाखवावेत.

वेष्टनाच्या बाबतीत औषधे नियमावलीतील १६१ व्या नियमाने घटकद्रव्यांची यादी वनस्पतीच्या शास्त्रीय नावासह आणि उपयोगात आणलेल्या अंगासह देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे. पुष्कळांना ही कागदी कटकट वाटते. तिचे महत्त्व या शब्दाच्या इतिहासावरून कळावे. इंग्रजी व्यवहारनाव दिशाभूल करते; शास्त्रीय नावातील दुसरे पद, 'लाँगम' की 'नायग्रम', हेच काय ते द्रव्य निश्चित करते. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या हाती वस्तू देण्यापूर्वी ते दुसरे पद वाचावे आणि वैद्यांनी परदेशी जाणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ते स्वहस्ते लिहून द्यावे.

आपला एक शब्द जग जिंकून आला याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु जिंकताना त्याने आपला अर्थ वाटेत टाकला, हेही विसरू नये. नाव दूरवर गेले, त्याच्याबरोबर गुणकर्मांचे ज्ञान गेले नाही. म्हणून डायोस्कोरिडीससारख्या थोर वैद्याला दोन द्रव्ये एक वाटली. ज्यांच्याजवळ ते ज्ञान अखंड राहिले त्यांच्यावर नाव आणि वस्तू यांची गाठ पक्की ठेवण्याची जबाबदारी येते. पितळखोऱ्यातील राजवैद्य आणि गंधिक यांच्या व्यवसायाचा वारसा सांगणाऱ्या आपण सर्वांनी ती आपापल्या चिठ्ठीवर आणि आपापल्या फळीवर पार पाडावी.